शंभर, नऊशे, बाराशे

भाचीने सिडनीच्या वायव्येकडच्या एका उपनगरात घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव घराबरोबर आपसूक पदरात पडला. त्याबरोबर एक कागदही आला. त्यावर लिहिलं होतं, हा तलाव नियमांत बसत नाही. खरेदी पूर्ण झाल्यापासून नव्वद दिवसांत तो नियमांत बसवण्याची जबाबदारी आता नव्या मालकाची. मी तेव्हा महिनाभर तिच्याकडे मुक्कामाला होतो. नाशिकहून तिच्या सासूबाईही आल्या होत्या. त्यामुळे तपासनीस आला त्या सकाळी अंगणात आम्ही चौघं मोठी माणसं आणि भाचीचा तीन वर्षांचा उचापती मुलगा, असा सगळा ताफा हजर होता.

मला वाटलं होतं, हा गृहस्थ पाण्यात काहीतरी बुडवून बघेल. त्याने पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून मोजपट्टी काढली आणि कुंपणाला लागला. दोन गजांमधलं अंतर मोजलं, कुंपणाखालची फट मोजली, मग फाटकाशी आला. फाटक सताड उघडून सोडून दिलं, ते येऊन खट्कन बंद झालं. अर्धं उघडून सोडलं, तेही बंद झालं. मग त्याने फाटक हळूच पुढे आणलं, कडीला जेमतेम टेकेल असं ठेवलं आणि हात काढून घेतला. फाटक तिथेच राहिलं. लांबून बघणाऱ्याला ते बंदच वाटलं असतं. त्याने एका बोटाने ढकललं आणि ते उघडलं. वहीत पहिली फुली पडली.

दुसरी फुली तुळशीवर पडली. सासूबाईंनी आल्या आल्या तिथल्या रोपवाटिकेतून तुळस आणवून कुंडीत लावली होती आणि ऊन चांगलं मिळतं म्हणून कुंडी कुंपणाला टेकवून ठेवली होती. दीड हात उंचीची मातीची कुंडी. तपासनीस अदबीने म्हणाला, ही इथून नऊशे मिलिमीटर लांब हलवावी लागेल. भाचीने भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुळशीने कोणाचं काय बिघडवलंय? त्याला म्हणावं, रोज पाणी घालते मी तिला." त्याने मान डोलावली आणि कुंडी हलवेपर्यंत तिथेच उभा राहिला.

घरच्या तलावांचे नियम समजून घ्यायचे तर सुरुवात या तुळशीपासून करावी. आपण पाण्याच्या सुरक्षेचा विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर पोहणारा माणूस येतो: त्याला पोहता येतं का, पाणी किती खोल आहे, जीवरक्षक आहे का. पण घरामागच्या तलावाचा नियम पोहणाऱ्यासाठी लिहिलेलाच नाही. तो लिहिलाय अशा मुलासाठी, ज्याने त्या वेळी तलावाजवळ असायलाच नको होतं. पाच वर्षांखालचं मूल घरच्या तलावात बुडतं तेव्हा ते बहुधा पोहायला गेलेलं नसतं. चेंडूमागे, मांजरामागे किंवा नुसतं चकाकणाऱ्या पाण्याकडे गेलेलं असतं. अंगात पोहण्याचे कपडे नसतात, घरातले समजत असतात की ते आत खेळतंय.

म्हणून सिडनी ज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्स राज्याचा १९९२ चा तलाव कायदा बघितला, तर त्यातले आणि त्याला जोडलेल्या ऑस्ट्रेलियन मानकातले आकडे हे मुळात मुलाच्या अंगाची मापं आहेत. शिंप्याच्या वहीसारखी. कुंपण कमीत कमी बाराशे मिलिमीटर उंच, कारण चार-पाच वर्षांच्या आतलं मूल आधाराशिवाय एवढं चढत नाही. दोन गजांमधली आणि कुंपणाखालची फट शंभरपेक्षा जास्त नको, कारण त्यातून मुलाचं अंग सरकत नाही. कडी जमिनीपासून पंधराशे उंचीवर, कारण टाचा उंचावूनही मुलाचा हात तिथे पोचत नाही. कडी खाली हवीच असेल तर ती आतल्या बाजूला, आडोसा करून बसवायची.

नऊशेचा हिशोब थोडा समजून घेण्यासारखा आहे. कुंपणाच्या वरच्या कडेवर कंपासचं टोक रोवलंय असं समजा आणि बाहेरच्या बाजूने नऊशे मिलिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ खाली जमिनीकडे काढा. या पाव वर्तुळात पाय ठेवायला किंवा हाताने धरायला काहीही असता कामा नये. कुंडी नको, खुर्ची नको, सायकल नको, झाडाची वाकलेली फांदी नको, खुद्द कुंपणाची आडवी पट्टीही नको. कारण साधं आहे. दीड हात उंच कुंडीवर चढलेल्या मुलापुढचं कुंपण बाराशेचं राहत नाही, ते साधारण पाचशेचं होतं. तुळशीने काही बिघडवलं नव्हतं, फक्त कुंपण बुटकं केलं होतं.

फाटक बाहेरच्या बाजूला, म्हणजे तलावापासून दूर उघडलं पाहिजे हा नियम मला सगळ्यांत हुशार वाटतो. कडी नीट लागलेली नसली आणि मूल फाटकावर रेलून ढकलू लागलं, तर त्याच्याच वजनाने फाटक बंद होतं. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याने लहान मुलांना दाराशी झटताना नीट पाहिलं असणार.

शेजाऱ्याच्या हद्दीवरचं कुंपण हा आणखी एक पेच. आपल्या बाजूची कुंडी आपण हलवू, पण शेजाऱ्याने त्याच्या बाजूला लाकडं रचली, तर त्याला काय सांगणार? म्हणून हद्दीवरचं कुंपणच तलावाच्या कुंपणाचं काम करत असेल, तर ते अठराशे उंच लागतं आणि मोकळी जागा आपल्या बाजूला, वरच्या कडेपासून खाली नऊशेपर्यंत ठेवायची. शेजारचं मूल वर चढलंच, तरी आपल्या बाजूला उतरायला त्याला पायरी मिळू नये. दुसऱ्याच्या अंगणावर हुकूम चालत नाही हे मान्य करून केलेला असा कायदा क्वचित दिसतो.

आणि तलाव म्हणजे काय? तीनशे मिलिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी राहू शकेल आणि ज्यात डुंबायचा हेतू आहे असं काहीही. एक फूट. म्हणजे बाजारातून आणलेला, हवा भरून फुगवायचा रबरी तलावसुद्धा तेवढा खोल असला की त्याला कुंपण लागतं. लोकांना हे पटत नाही. शंभर डॉलरच्या खेळण्याला हजार डॉलरचं कुंपण! पण पालथं पडलेल्या दीड वर्षाच्या मुलाला एक फूट पाणीही पुष्कळ होतं. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, हातांत रेटा कमी असतो, त्यामुळे तोंडावर पडल्यावर उठता येत नाही. ऑस्ट्रेलियात असे उचलून नेण्याजोगे तलाव विकताना त्यांच्यावर धोक्याची सूचना छापणं बंधनकारक आहे.

हे सगळं एका दिवसात ठरलेलं नाही. ऑस्ट्रेलियात घरोघरी तलाव आले आणि १९७० च्या दशकापासून ब्रिस्बेनचे बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न यांच्यासारखे डॉक्टर बुडालेल्या मुलांच्या नोंदी जमवून सांगू लागले की यातली बरीच मुलं समुद्रात नाही, घरच्या पाण्यात बुडतायत. तरीही स्वतःच्या अंगणात स्वतःच्या पैशाने कुंपण घालायला सांगणं कुठल्या पुढाऱ्याला आवडेल? न्यू साउथ वेल्समध्ये त्याची खूण अजून कायद्यात दिसते. तिथे प्रत्येक तलावाला जणू जन्मपत्रिका आहे. १ ऑगस्ट १९९० च्या आधी बांधलेल्या तलावाला घराची भिंत कुंपणाची एक बाजू म्हणून चालते, मात्र तलावाकडे उघडणारी दारं आपोआप बंद होऊन कडी लागणारी हवीत. त्या तारखेनंतरच्या तलावाला घरापासूनही वेगळं करणारं कुंपण हवं. त्यातही २३० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंड, दोन हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन आणि पाण्याकाठची घरं यांना सवलत होती. १ जुलै २०१० पासून नव्या तलावांसाठी तीही बंद झाली. म्हणजे एकाच गल्लीतल्या तीन घरांना तीन कायदे लागू असू शकतात. मुलं मात्र तिन्ही घरांत सारखीच.

जुन्या सवलतीतल्या त्या दारांचा एक तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशा दारात कुत्र्यामांजरांसाठी ठेवलेली झडप चालत नाही. कुत्रा जिथून जातो तिथून मूल जातं, आणि कुत्र्याला निदान पोहता येतं.

कायदा कागदावर असला तरी तलाव कुठे कुठे आहेत हेच पालिकांना ठाऊक नसेल, तर काय तपासणार? म्हणून ऑक्टोबर २०१३ पर्यंत राज्यातल्या प्रत्येक मालकाने सरकारी नोंदवहीत आपला तलाव नोंदवावा असं ठरलं. मग २९ एप्रिल २०१६ पासून तलाव असलेलं घर विकताना किंवा भाड्याने देताना प्रमाणपत्र सक्तीचं झालं. विकताना 'नियमांत बसत नाही' असं प्रमाणपत्रही चालतं. ते घेणाऱ्यावर नव्वद दिवसांची मुदत येते, जशी ती भाचीवर आली. नियमांत बसल्याचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. हॉटेलं आणि दोनपेक्षा जास्त घरांच्या इमारती यांच्या तलावांची दर तीन वर्षांनी पालिकेने स्वतःहून तपासणी करायची असते. कुंपणात कसूर असेल तर प्रकरण न्यायालयात ५,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतं. क्वीन्सलँडने २०१० पासून आपली नोंदवही आणि एकच मानक आणलं, जुन्या सवलती २०१५ अखेर संपवल्या. व्हिक्टोरियाने हे डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलं आणि चार वर्षांचं चक्र ठेवलं. घराच्या व्यवहाराशी कुंपण बांधून टाकण्याची युक्ती मला फार व्यवहारी वाटते. एरवी कुंपणाकडे कोण लक्ष देतं? पण घर विकायचं म्हटलं की माणूस बिजागरीला तेलही घालतो.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथल्या ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना चारपैकी एक उपाय सक्तीचा केला: कुंपण, पाण्यात काही पडलं की वाजणारा भोंगा, तलावावर ओढायचं मजबूत आच्छादन किंवा सगळ्या तलावावरचं बंद छप्पर. नवे तलाव २००४ पासून, जुने २००६ पर्यंत. दंड ४५ हजार युरोपर्यंत. मालकाला निवड दिली, ही गोष्ट गोड वाटते. पण चौघांना एका पंक्तीत बसवणं मला पटत नाही. भोंगा वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. तो ऐकणारं कोणीतरी जवळ असावं लागतं, त्याने तो ओळखावा लागतो. आच्छादन चांगलंच, पण ते रोज कोणीतरी ओढून घ्यावं लागतं. संध्याकाळी दमून आत गेलेला माणूस 'सकाळी बघू' म्हणतो. कुंपणाला आणि आपोआप लागणाऱ्या फाटकाला कोणाची आठवण लागत नाही. संशोधनही याच बाजूचं आहे. थॉम्पसन आणि रिवारा यांनी १९९८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तलावाला घरापासूनही तोडणारं चारही बाजूंचं कुंपण असेल तर बुडण्याचा धोका तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत सुमारे एक षष्ठांशावर आलेला दिसला. चौथी बाजू म्हणजे घराची बाजू. मूल घरातूनच येतं.

"पण आमचं लक्ष असतं ना," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. लक्ष असतंच. आपल्या लक्षाची मर्यादा मात्र बुडण्याच्या रीतीत आहे. सिनेमात बुडणारा हात हलवतो, ओरडतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रान्चेस्को पिया यांनी १९७० च्या सुमारास खऱ्या घटनांचं चित्रण करून पाहिलं, तर वेगळंच दिसलं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास सोडून पुन्हा घ्यायचा असतो. ओरडायला हवा उरत नाही. हात पाणी खाली दाबत असतात, हलवायला मोकळे नसतात. हे वीस ते साठ सेकंद चालतं. लहान मुलाच्या बाबतीत तेवढंही नाही. ते बहुतेक वेळा आवाज न करता पाण्याखाली जातं. दुधावर साय येतेय का बघायला जाऊन येणं, दारावरच्या माणसाला सही देणं, एवढ्या वेळात सगळं होऊन जातं. कुंपण लक्षाची जागा घेत नाही. लक्ष सुटलेल्या त्या दोन मिनिटांपुरतं ते उभं असतं.

म्हणूनच न्यू साउथ वेल्समध्ये तलावाशेजारी एक फलकही सक्तीचा आहे. त्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्याची कृती चित्रांसह असते, तीन मीटरवरून वाचता यावी अशी. शिवाय तीन सूचना: लहान मुलांवर देखरेख ठेवा, फाटक कायम बंद ठेवा, कुंपणापासून नऊशे मिलिमीटरच्या आत काही ठेवू नका. भाचीच्या घरचा फलक उन्हाने पार फिकट झाला होता. तिसरी फुली त्याची.

फलक फिका पडतो, तसं बाकीचंही झिजतं. तलावाचं कुंपण देवळाच्या दीपमाळेसारखं एकदा उभारलं की झालं असं नसतं. फाटक दिवसातून वीसदा उघडतं. बिजागरीतली स्प्रिंग सैल पडते. चिकणमातीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खांब बोटभर कलतो. कडी तेवढ्याने चुकते. गवताखालची माती वाहून गेली की कुंपणाखालची फट शंभराची सव्वाशे होते. पेरूचं रोप तीन वर्षांत फांदी पसरतं. तपासणीत सर्वांत जास्त नापास होतं ते हेच, न लागणारं फाटक. दुरुस्ती बहुधा पाच मिनिटांची असते. भाचीच्या नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने बिजागरीचा ताण दोन घरं वाढवला आणि फाटक कडीवर टेकवून सोडलं तरी लागू लागलं. फाटकाला वीट लावून उघडं ठेवणं हा तर सरळ गुन्हाच आहे, पण पाहुण्यांच्या दिवशी, हातात जेवणाची ताटं असताना, ती वीट कुठून तरी येतेच.

पाण्याची निगा हा आता कंटाळवाणा भाग वाटेल, पण तीही कुंपणाचीच पुढची गोष्ट आहे. तळ स्पष्ट दिसत नसेल तर तळाशी गेलेलं मूलही दिसत नाही. हिरवट पाण्याच्या तलावात काठावर उभ्या माणसाला काही कळत नाही, आणि शोधाशोध घरात, रस्त्यावर, शेजारी होत राहते. म्हणून हरवलेल्या मुलाला आधी पाण्यात शोधा, असं जाणकार सांगतात. आणि ते पाणी आरपार दिसणारं ठेवणं, हे निगेचं पहिलं काम.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तलाव सांभाळणारा मुलगा सकाळी साडेपाचला एक छोटी डबी घेऊन काठावर बसतो. दोन नळ्यांत पाणी भरतो. एकीत क्लोरीनसाठी थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं. दुसरीत फिनॉल रेड, पाणी लालसर होतं. रंग पट्टीशी ताडून बघतो. क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम असावं आणि पीएच ७.२ ते ७.८. बरेच जण फक्त क्लोरीनकडे बघतात. पण पीएच चढला की तेच क्लोरीन आळशी होतं. ७.५ ला त्यातलं साधारण निम्मं जंतू मारणाऱ्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटचे) कॅन ओतत राहायचं आणि पाणी हिरवं ते हिरवंच. ऊन हा दुसरा खादाड. स्थिर करणारं सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल, तर भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं.

आणि तो वास! "आज क्लोरीन फार टाकलंय," असं नाक मुरडून म्हटलं जातं. तो वास सहसा जादा क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीन झुंजून थकलं की क्लोरामाइन तयार होतात, डोळे तेच झोंबवतात. म्हणजे वास येतो तेव्हा बहुधा क्लोरीन कमी पडलेलं असतं. अंघोळ करून उतरा, ही पाटी म्हणून असते. तरी क्लोरीनलाही सगळं जमत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी नेहमीच्या एक मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये दहा दिवस तग धरतो. जुलाब झालेल्या मुलाला बरं वाटल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरवू नये, ते यासाठी.

तळघरातल्या पंपाच्या खोलीत वाळूचा फिल्टर असतो. दाबाचा काटा चढला की फिल्टर चोंदला. मग पंप बंद करून वरचा दांडा बॅकवॉशवर फिरवायचा, पाणी उलटं सोडायचं, काचेच्या डोळ्यात स्वच्छ दिसेपर्यंत. पंप चालू असताना दांडा फिरवला की व्हॉल्व्हची आतली सील फाटते. आमच्याकडे ती दोनदा फाटली आहे. त्याच खोलीत एका फळीवर हायपो आणि शेजारी ॲसिडचा कॅन मी पाहिला, तेव्हा मात्र हसू आलं नाही. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू निघतो, बंद तळघरात. दोघांची फळी नाही, खोलीच वेगळी असावी. आणि पातळ करायचं तर ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

पंपाचा आणखी एक धोका दिसत नाही, तो तळाच्या जाळीवर असतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर २००२ मध्ये गरम पाण्याच्या हौदात तळाच्या जाळीशी ओढली गेली. आईला तिला सोडवता येईना. दोन पुरुषांनी जोर लावला तेव्हा जाळीच तुटली. मुलगी वाचली नाही. तिला पोहता येत होतं. हिशोब करून बघा: फूटभर लांबी-रुंदीच्या सपाट जाळीचं क्षेत्रफळ साधारण नऊशे चौरस सेंटिमीटर. पंपाने तिच्यामागे हवेच्या दाबाच्या फक्त एक तृतीयांश इतकी पोकळी निर्माण केली, तर ओढ तीनशे किलोच्या घरात जाते. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्याच नावाचा कायदा झाला. अंगाने पूर्ण झाकली जाणार नाही अशी फुगीर जाळी आणि एकाच पंपाला एकमेकींपासून लांब दोन जाळ्या, म्हणजे एक झाकली गेली तरी पाणी दुसरीतून येतं. तुटकी किंवा निघालेली जाळी दिसली की त्या दिवशी तलाव बंद, इतकं हे सोपं आहे.

आपल्याकडचे तलावाकाठचे फलक मी आवडीने वाचतो. नायलॉनचा पोशाख सक्तीचा, टोपी सक्तीची, तेल लावून उतरू नये, पाहुण्यांसाठी वेगळं शुल्क, वेळ सकाळी सहा ते नऊ. सगळं पोहणाऱ्याला उद्देशून. दुपारी दोन वाजता, पंप बंद, जीवरक्षक घरी आणि कोपऱ्यातलं फाटक सुतळीने बांधलेलं असताना तिथे येणाऱ्या मुलासाठी त्यात एक ओळ नसते. शेवटी एवढंच: 'मुलांची जबाबदारी पालकांची राहील.' विहिरीला कठडा बांधणारी आपली माणसं तलावाला का विसरली, कोण जाणे. पावसाळ्यात मात्र महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत येतात, तेव्हा साचलेल्या पाण्याबद्दल सोसायटी एकदम जागी होते.

सोसायटीपेक्षा काळजी वाटते ती लोणावळा, कर्जत, अलिबागच्या भाड्याच्या बंगल्यांची. 'खासगी तलाव' हेच तिथलं आकर्षण. दिवाणखान्याचं काचेचं सरकतं दार उघडलं की चार पावलांवर पाणी, मध्ये काहीही नाही. दोन कुटुंबं, दहा-बारा माणसं, गप्पा, स्वयंपाक, प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्या कोणाकडे आहे. अशा बंगल्यांत लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात.

गेल्या डिसेंबरात भाची सुट्टीला आली, तेव्हा आम्ही सगळे कर्जतजवळ अशाच एका बंगल्यात दोन दिवस गेलो. नातू आता पाच वर्षांचा, त्याच्या मागे एक दीड वर्षाची बहीण. सामान उतरवायच्या आधी भाची दार सरकवून बघत होती. कडी मुलीच्या खांद्याशी येत होती. व्यवस्थापकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पाणी फक्त चारच फूट आहे." भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, याला काय सांगू?" दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे व्हायला लागले. मी दाराला खुर्ची लावली. सासूबाई उठल्या, ती खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "खुर्चीवर चढेल ना ती." मग त्यांनी आतून गादी ओढत आणली, दाराला लागून आडवी टाकली आणि तिच्यावर झोपल्या.